सूचना: मित्र-मैत्रीण जिवाचं बरंवाईट करेल अशी शंका आली तर

सर्व सदस्यांनी कृपया वाचावे.

‘माझं सगळ्यांना ओझं झालंय’ असं कुणी बोलू लागलं, जपलेल्या वस्तू वाटून टाकू लागलं, तर वाट पाहू नका. बाजूला बसून सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतोय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘अगं, असं काय बोलतेस!’ म्हटलंत की तोंड मिटलंच. ऐका. काही ठरवलंय का, केव्हा, तेही विचारा. ठरलं असेल तर एकटं सोडू नका, इजा होईल अशा वस्तू दूर ठेवा, तातडीच्या सेवेला फोन करा. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन मात्र देऊ नका. अनेक जण इथेच अडकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा, अचानक शांत वाटलं तरीही.