दाढ आणि दूध

प्रिय मनू,

काल फोनवर तू गाल धरून बोलत होतीस, ते आवाजावरूनच कळलं. दाढ ठणकते आहे, पण बाळ अंगावर पितंय म्हणून गोळी घ्यायची नाही, दाढही काढून घ्यायची नाही. हे सगळं माझं करून झालंय, म्हणून लिहिते.

तू चार महिन्यांची असताना माझी दाढ काढली. आठ दिवस पाजू नका, असं बजावलं होतं. मी मुकाट्याने दूध पिळून टाकत राहिले. छाती दगडासारखी झाली आणि तू बाटलीला तोंड लावेनास. त्यातल्या कशाचीच गरज नव्हती, याचा राग मला अजून येतो.

दूध म्हणजे टाकीत साठलेलं पाणी नव्हे गं. औषध रक्तातून दुधात उतरतं आणि रक्तातलं ओसरलं की दुधातलंही ओसरतं. पिळून टाकल्याने ते लवकर जात नाही. बाळाच्या वाट्याला येतं तेही थोडंच. वजनाच्या हिशेबाने ते आईच्या डोसच्या १० टक्क्यांहून कमी असेल, तर औषध साधारणपणे चालतं असं मानतात. आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीचं तर १ टक्काही जात नाही. पॅरासिटामॉल, जंतुसंसर्गावरचं अमॉक्सिसिलिन, दाढेपुरती भूल, एक्स-रे, यांतल्या कशासाठीही पाजणं थांबवत नाहीत. पूर्ण भूल दिली तरी नीट शुद्धीवर आलं की पाजता येतं.

कोडीन हे दुखण्यावरचं औषध मात्र नको. शरीरात त्याचं मॉर्फीन होतं, काही बायकांच्या शरीरात फार झपाट्याने, आणि मग बाळ गुंगीत जातं, त्याचा श्वास मंदावतो. दुखण्यासाठी ॲस्पिरिनही नको. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन दूध आटवतं. (नाक सुकवणारं औषध दूधही सुकवतं, याची मला गंमत वाटते.) किरणोत्सारी आयोडीन किंवा केमोथेरपीची गोष्ट निराळी, तिथे खरंच थांबावं लागतं.

तुझं बाळ दीड महिन्याचं. एवढ्या लहान जिवाचं यकृत आणि मूत्रपिंड अजून कच्चं असतं, औषध अंगात जास्त वेळ राहतं. म्हणून डॉक्टरांना बाळाचं वय आधी सांग. ‘पाजणं बंद करा’ म्हणाले, तर का, किती दिवस, आणि दुसरं औषध आहे का, हे विचारल्याशिवाय उठू नकोस. कोणतं औषध पाजताना चालतं याची माहिती देणारं, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने सुरू केलेलं ‘लॅक्टमेड’ इंटरनेटवर फुकट बघता येतं, औषधाचं नाव घालून बघ आणि डॉक्टरांनाही दाखव.

बाळाला पाजून झालं की लगेच गोळी घेत जा. दाढेची वेळ मिळाली की कळव. तू आत असेपर्यंत त्याला घेऊन मी बाहेर बसेन.

तुझी आई