इंग्रजी वाक्प्रचार नुसते पाठ करून घेऊ नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं बघतो, त्यामुळं दिवसभर इंग्रजी मेल लिहिणं आणि पोरांनी लिहिलेले तपासणं हेच काम. मध्यंतरी आमच्यातल्या एकाचे वडील गेले आणि ऑफिसच्या ग्रुपवर नवीन लागलेल्या पोरानं इंग्रजीत मेसेज टाकला, सॉरी टु हिअर युवर फादर किक्ड द बकेट. सगळा ग्रुप गप्प. पोरगा गुणी आहे, मनापासूनच लिहिलेलं, क्लासच्या नोट्समध्ये 'किक द बकेट म्हणजे मरण पावणे' एवढंच होतं आणि तेच त्यानं पाठ केलं. आता सांत्वनाला गेल्यावर 'तुमचे वडील गचकले म्हणे' असं आपल्यात कोण बोलेल का? मला राग त्या पोराचा नाही, अशा नोट्स देऊन फी घेणाऱ्यांचा येतो.

पावसाचंही तेच. निबंध आला की पोरं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' (म्हणजे धो धो पाऊस) लिहिणारच, आणि त्याला मार्कही मिळतात. अहो, 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टनं १७३८ साली बड्या लोकांच्या गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टिंगल करायला जे पुस्तक काढलं त्यात हे वाक्य आहे, म्हणजे तेव्हाच ते शिळं होतं, आणि आमची पोरं पंचगंगा पात्राबाहेर आलेली डोळ्यानं बघून सुद्धा तेच लिहितात.

धंद्यात तर फटका बसतो. इटलीच्या कस्टमरला आमच्याकडून कास्टिंगचा 'बॉलपार्क' रेट गेला, म्हणजे अंदाजे. शब्द अमेरिकेतल्या बेसबॉलचा, तो माणूस पण आपल्यासारखाच इंग्रजी शिकून आलेला, त्यानं तो रेट फायनल धरला आणि मग समजूत काढता काढता नाकी नऊ आले. सरळ 'अप्रॉक्सिमेट' लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण म्हणून आपलं सगळंच चुकीचं असंही नाही हं. 'प्रीपोन'ला (म्हणजे ठरलेली वेळ अलीकडं आणणे) लोक हसतात, तो ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. 'डू द नीडफुल' (म्हणजे जे करायला हवं ते करा) तर इंग्रज साहेबांच्याच जुन्या ऑफिसातलं, तिकडं मागं पडलं, आपल्याकडं टिकलं, आपल्या माणसाला ते बरोबर कळतं, तर वापरू दे की.

शिक्षकांना आणि क्लासवाल्यांना हात जोडून विनंती, वाक्प्रचार दिला की तो कोण, कुणाला, कुठल्या प्रसंगी बोलतो हेही तिथंच लिहून द्या, आणि परीक्षेत अर्थ विचारण्याऐवजी प्रसंग देऊन विचारा, इथं हा चालेल का आणि नसेल तर का.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर