वजनाची जबाबदारी प्रशिक्षकावर, मग त्याला आहारशास्त्र शिकवायचे कोणी?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी विनेश फोगाट हिचे वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम फेरीत पोहोचलेली ही मल्ल स्पर्धेतून बाद झाली. त्यावरून वाद पेटला तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा यांनी स्पष्ट केले की, कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो, वेटलिफ्टिंग अशा खेळांत वजन सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूची आणि त्याच्या प्रशिक्षकाची असते, संघटनेच्या वैद्यकीय पथकाची नव्हे. हे म्हणणे मान्य केले, तर पुढचा प्रश्न आपोआप येतो. ज्याच्यावर ही जबाबदारी टाकली, त्या प्रशिक्षकाला आहाराचे शास्त्र कोणी शिकवले आहे? ऑलिम्पिकला जाणाऱ्या मल्लाच्या दिमतीला निदान आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर असतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत मुक्कामाला असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला मात्र काय खावे, किती खावे आणि कधी खावे, हे विचारायला वस्तादाशिवाय कोणी नसते.

वस्तादांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे आणि खुराकाची परंपरा टाकाऊ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. एक लिटर म्हशीच्या दुधातून साधारण ३५ ते ४० ग्रॅम प्रथिने मिळतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच दुधात ६५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांशही असतो आणि बदामात प्रथिनांच्या दुपटीहून अधिक चरबी असते. त्यावर तुपाची वाटी आली की, प्रथिनांपेक्षा चरबीचेच पारडे जड होते. हा खुराक मातीवर तासन्‌तास जोर-बैठका मारणाऱ्या आणि वजनगटाचे बंधन नसलेल्या मल्लासाठी ठरत गेला. आज तोच खुराक मॅटवर वजनगटात लढणाऱ्या किशोराला वर्षभर दिला जातो आणि स्पर्धा आठवड्यावर आली की त्याच मुलाचे जेवण व पाणी तोडले जाते. अंगावर स्वेटर आणि प्लास्टिकचा सूट चढवून भर उन्हात धावायला लावणे, वजनकाट्यावर उभे राहण्यापूर्वी थुंकत राहायला सांगणे, हे प्रकार कुस्तीत कोणालाच नवे नाहीत. या उपायांनी चरबी घटत नाही, घटते ते शरीरातले पाणी. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, म्हणजे साठ किलोच्या खेळाडूचे जेमतेम सव्वा लिटर, तरी दमसास कमी होऊ लागतो, आणि याहून अधिक पाणी तोडलेल्या मुलांना आपण आखाड्यात उतरवतो.

अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच रीतीने वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली, वजन लढतीच्या थोडेच आधी घेतले जाऊ लागले आणि हंगामाच्या सुरुवातीसच मूत्रतपासणी करून, शरीरातले पाणी पुरेसे आहे याची खात्री पटल्यावर, प्रत्येकाचे किमान वजन निश्चित करण्याची पद्धत रूढ झाली. तीन जीव गेल्यावर झालेली ही सुधारणा आपल्याला आयती घेता येण्यासारखी आहे.

मुलींच्या बाबतीत अज्ञानाला संकोचाची जोड मिळते. सराव भरपूर आणि खाणे तोकडे असे काही महिने चालले की मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून याबाबत सविस्तर इशारे दिले आहेत. तरीही पाळी थांबणे म्हणजे सराव चांगला चालल्याची खूण, अशी समजूत मैदानावर ऐकू येते आणि पुरुष प्रशिक्षकाशी या विषयावर बोलण्याची सोय बहुतेक मुलींना नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. धावताना लवकर दम लागणाऱ्या मुलीला ‘कष्ट कमी पडतात’ असे सुनावण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासावे आणि अन्नातले लोह अंगी लागावे म्हणून जेवणाला लागून चहा घेऊ नये, ताटात लिंबू असावे, एवढे सांगावे, यासाठी मोठ्या पदवीची गरज नाही.

प्रथिनांच्या पावडरीविषयी थोडक्यात लिहितो. कसून सराव करणाऱ्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे साठ किलोच्या मुलाला ७२ ते १२० ग्रॅम. एक लिटर दूध, चार अंडी, मूठभर शेंगदाणे, वाटीभर डाळ आणि ज्वारीच्या तीन-चार भाकरी एवढ्यात हा हिशेब सहज शंभराच्या घरात जातो. असे असताना शेतमजुराच्या मुलाला काही हजारांचा डबा घ्यायला लावणारा प्रशिक्षक, आणि काही ठिकाणी तर तोच विक्रेताही असतो, नेमके कोणाचे पोषण करतो हे पालकांनी विचारले पाहिजे. शिवाय डब्यात बंदी असलेला घटक निघाला, तर उत्तेजकविरोधी नियमांनुसार उत्तर खेळाडूलाच द्यावे लागते, सल्ला देणाऱ्याकडे बोट दाखवून सुटका होत नाही.

प्रत्येक तालमीत आहारतज्ज्ञ नेमा, अशी अव्यवहार्य मागणी मी करणार नाही. राज्याच्या क्रीडा विभागाने आणि जिल्हा संघटनांनी नोंदणीकृत प्रशिक्षक व वस्ताद यांच्यासाठी आहार, पाणी आणि वजन या विषयांवर दोन-तीन दिवसांचे मराठीतून प्रशिक्षण सक्तीचे करावे, त्यात व्याख्यानांपेक्षा भाकरी, डाळ, दूध, अंडी यांचे प्रत्यक्ष हिशेब शिकवावेत आणि ज्यांनी ते पूर्ण केले नाही त्यांना शालेय व कुमार गटाच्या स्पर्धांत संघ उतरवू देऊ नये. त्याच गटांत मुलांचे किमान वजन हंगामाच्या आरंभी डॉक्टरांकडून नोंदवून घ्यावे आणि त्याखालच्या गटात प्रवेशिका स्वीकारू नये. यासाठी लागणारा वजनकाटा आणि नोंदवही प्रत्येक स्पर्धेच्या ठिकाणी आधीपासूनच असते.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर