विन्याला पत्र

महाल, नागपूर
२१ जुलै

प्रिय विन्या,

लेकीकडं कंटाळून राहिलास म्हणे! कॅनबेऱ्यात पाहण्यासारखं काहीच नाही? अबे, दक्षिणेला डोंगरात हनीसकल क्रीक आहे, नासाच्या जुन्या अंतराळ-संपर्क केंद्राची जागा. पोरीला गाडी काढायला लाव.

१९६९ची आजचीच तारीख आठव. सोमवार होता. आमच्या वाड्यात बाबांच्या रेडिओला नुसती खरखर. जाळीच्या एरियलचं एक टोक सुटलं होतं, ते हातात धरून तू पलंगावर उभा. जरा हललास की आवाज गुल. साडेआठच्या सुमारास आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाय ठेवला आणि तुझ्यापायी आपली शाळेची पहिली घंटा चुकली.

आपल्याला चित्र कुठलं दिसायला, टीव्ही तेव्हा फक्त दिल्लीत. पण जगानं ते पहिलं पाऊल पाहिलं ते हनीसकलच्या २६ मीटरच्या तबकडी-अँटेनातून. पृथ्वी फिरते, त्यामुळं एका ठिकाणाहून चंद्र सतत दिसत नाही. म्हणून नासानं अपोलो चांद्रमोहिमांसाठी तीन मुख्य केंद्रं ठेवली होती: कॅलिफोर्नियात गोल्डस्टोन, स्पेनमध्ये माद्रिदजवळ एक, अन् तिसरं हे. शहरातला रेडिओचा गोंगाट पोचू नये म्हणून मुद्दाम डोंगरांच्या आड बांधलेलं.

त्या दिवशी गोल्डस्टोनलाही चंद्र दिसत होता. पण यानातला कॅमेरा उलटा बसवलेला, त्यामुळं तिकडून चित्र आधी डोकं खाली पाय वर असं आलं. सुलटं केलं तरी काळपट. ऐन पावलाच्या वेळी ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रानं हनीसकलचं चित्र घेतलं. आठ-नऊ मिनिटांनी ऑस्ट्रेलियातल्याच पार्क्सच्या ६४ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीचं आलं, ते जास्त स्वच्छ होतं, मान्य. पण सगळं नाव पार्क्सचंच व्हावं, हे काही मला पटत नाही.

१९८१ साली केंद्र बंद झालं. तबकडी उचलून जवळच टिडबिनबिलाच्या केंद्रात नेली. तिथं ती २००९पर्यंत राबली, अजून उभी आहे. हनीसकलला आता इमारतही नाही, सिमेंटचा चौथरा तेवढा उरलाय.

त्यावर चढ, पलंगावर धरला होतास तसा हात वर धर आणि लेकीला फोटो काढायला सांग. हलू नको मात्र.

इकडं पाऊस दडी मारून बसलाय, कूलर अजून चालूच आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या