रझाकार हा शब्द

सोलापूर,
१७ सप्टेंबर २०२४

प्रिय वश्या,

सकाळपासून गल्लीत लेझीम चालू आहे. यंदा अनंत चतुर्दशी आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन एकाच दिवशी आलेत. टीव्हीवर झेंडावंदन आणि खिडकीखाली ताशा. त्या गोंगाटातच, बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या त्यावरचं तुझं पत्र घेऊन बसलोय. "ढाक्यात तीन वर्षं काढलीस, मग हसीनाबाई अशा एका दुपारी पळतील हे तुम्हा लोकांना दिसलं कसं नाही? झोपला होता काय?"

परराष्ट्र खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, असं सांगून सुटता आलं असतं. पण तू कसला सोडतोस! झोपलो नव्हतो रे. एका शब्दाने माझे डोळे बांधले होते.

माझी आजी आठवते? नळदुर्गकडची. ४८ साली रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या भीतीने, अंगावरच्या लुगड्यानिशी, धाकट्या आत्याला कडेवर घेऊन रात्रीतून सोलापूर गाठलेली. आपण दुपारी दंगा केला की "रझाकार आले" एवढंच म्हणायची, आणि म्हणताना स्वतःच दाराच्या कडीकडे बघायची. १३ सप्टेंबरला भारताची फौज आपल्या सोलापूरहूनच नळदुर्गकडे निघाली, १७ ला निजाम शरण आला. आजीची नजर मात्र कडीवरून शेवटपर्यंत हटली नाही.

तर ढाक्यात तो शब्द ऐकला, त्यांच्या उच्चारात ‘राजाकार’, आणि मला एकदम घरचंच कुणी बोलल्यासारखं वाटलं. मूळ अर्थ स्वयंसेवक, बस. तिथले रझाकार वेगळे, १९७१ मध्ये बांगलादेशचा स्वातंत्र्यलढा चिरडायला पाकिस्तानी फौजेने उभे केलेले. पण भीती ओळखीची. फेब्रुवारी २०१३ मध्ये शाहबागच्या चौकात पोरंपोरी रात्र रात्र बसून ‘तुई राजाकार!’ ओरडत होती. १९७१ च्या युद्धगुन्ह्यांसाठी कादेर मोल्लाला जन्मठेप झाली होती, त्यांना फाशी हवी होती (डिसेंबरात ती झालीही). परक्या देशाच्या मुत्सद्द्याने जिथे उभं राहू नये तिथे मी मेणबत्त्यांच्या कडेला उभा होतो. डोळे भरून आले. त्या रात्री दिल्लीला लिहिलेलं टिपण आज वाचायचा मला धीर होणार नाही.

कारण पुढे तो शब्द स्वस्त झाला. विरोधक रझाकार, टीका करणारा संपादक रझाकार. २०१४ च्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार घातला आणि ३०० पैकी निम्म्याहून जास्त जागा बिनविरोध गेल्या, तेव्हा एका बड्या असामीकडे जेवायला होतो. इलिश माशाचे काटे काढून तो माझ्या ताटात ठेवत होता आणि सांगत होता, "बाहेर राहिले ते सगळे राजाकारांचे वंशज." मी मान डोलावली. त्याचा कॉलेजातला मुलगा अर्धं ताट टाकून उठून गेला. मी बायकोला पत्रात माशाबद्दल दोन ओळी लिहिल्या, पोराबद्दल एकही नाही.

आणि यंदाचा जुलै. १९७१ च्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलानातवंडांसाठीच्या ३० टक्के सरकारी नोकऱ्या; २०१८ मध्ये रद्द झालेलं ते आरक्षण न्यायालयाने जूनमध्ये परत आणलं होतं. १४ जुलैला हसीनाबाई पत्रकारांसमोर म्हणाल्या, स्वातंत्र्यसैनिकांच्या नातवंडांना नाही तर काय रझाकारांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या? त्याच रात्री ढाका विद्यापीठात घोषणा घुमली, ‘तुमी के? आमी के? राजाकार, राजाकार!’

इथे बसून फोनवर ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. आजीचा शब्द, आणि ही कार्टी मिरवतात! पुढची ओळ ऐकलीच नव्हती मी. ‘के बोलेछे? शोईराचार!’ कोण म्हणतं? हुकूमशहा म्हणतो. निम्मी घोषणा ऐकून रागावणारा मी, आणि तू मला विचारतोस दिसलं कसं नाही. तीन आठवड्यांत, ५ ऑगस्टला, बाई हेलिकॉप्टरने निघाल्या.

आत्या सत्त्याहत्तरची झाली, आतल्या खोलीत आहे. तिला तो व्हिडिओ मी दाखवला नाही.

मिरवणूक दाराशी आली, आता काही सुचायचं नाही. शेंगाचटणी कुरिअरने पाठवलीय, वहिनींच्या हाती पडू दे; मागच्या वेळी तू एकट्यानेच संपवलीस म्हणे. दसऱ्याला ये. तुळजापूरला जाऊन येऊ, वाटेत नळदुर्गही.

तुझा,
अण्णा