कुंडीतला वाटाणा

ठाणे,
रविवार रात्र

प्रिय मंजू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, रागावू नकोस. काल मीनूला घेऊन पेडर रोडवरचं भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय पाहून आले आणि कधी एकदा तुला सांगते असं झालं.

२०१९ साली सुरू झालेलं हे संग्रहालय दोन इमारतींत आहे. जुन्या गुलशन महालात मूकपटापासूनचा इतिहास मांडलाय. मी रेंगाळत होते, मीनू मात्र काचेआडचं सगळं भराभर ओलांडत पुढे. दहा वर्षांच्या मुलीला १९१३ म्हणजे काय वाटणार, सांग!

नव्या इमारतीतल्या मुलांच्या स्टुडिओत ती थबकली. तिथे स्टॉप-मोशनचा विभाग आहे. वस्तू जराशी सरकवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा जराशी सरकवायची. पंचवीस-तीस फोटो झाल्यावर ते एकामागोमाग पळवले, आणि ती निर्जीव वस्तू चालायला लागली! मीनू म्हणाली, "मावशी, ती हललीच नाहीये. आपल्यालाच तसं दिसतंय." मंजू, अख्ख्या सिनेमाचं मूळ तिनं एका वाक्यात सांगितलं गं.

मग तिथेच तिला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि दिवसेंदिवस थांबून थांबून एकेक चौकट टिपली. पडद्यावर कोंब बघता बघता वाढला. ती छोटीशी फिल्म दाखवूनच त्यांनी आपल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या मूकपटासाठी, १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी, भांडवल उभं केलं. दादरच्या घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून, फिल्म कॅमेऱ्यात नीट सरकावी म्हणून, कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या. मीनूनं विचारलं, "एक भोक चुकलं तर?" हा प्रश्न पाटी वाचून पडला नसता. हातानं करून पाहिलं, तेव्हाच त्या बाईचे कष्ट तिला कळले. आपले बहुतेक मूकपट आता उरलेले नाहीत. निदान ते कसे घडत, हे तरी मुलांच्या बोटांना माहीत हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

तुझी शाळा नाशिकची, फाळके तुमच्या त्र्यंबकेश्वरचे. सहावी-सातवीची सहल इकडे आण ना. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढा वार सोड. मुलांच्या जेवणाचं मी बघते.

मीनूनं आज सकाळी खिडकीतल्या कुंडीत चार वाटाणे पेरलेत. माझा जुना मोबाइल समोर बांधून ठेवलाय, त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही. अजून नुसती माती दिसतेय.

तुझी,
सुमा