ब्रुकलिनचा तो सामना समजावून सांगणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जवरचा माझा लेख काल पूर्ण झाला. तुमचे आभार सगळ्यांसमोर मानावेत, म्हणून हे पत्र.

१८६९ साली सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा हा पहिला बेसबॉल संघ. त्या वर्षी ५७ सामने, ५७ विजय. हे कुठेही वाचायला मिळतं. तुम्ही मात्र मला संघाचा कप्तान हॅरी राइट हा माणूस दाखवलात. जन्म शेफील्डचा, वडील व्यावसायिक क्रिकेटपटू, आणि सिनसिनाटीत हा आला तोही क्रिकेट क्लबच्या नोकरीवर. खेळून पैसे मिळवणं त्याच्या घरातच होतं. कप्तान असून त्याचा पगार १,२०० डॉलर, तर धाकट्या भावाचा, जॉर्जचा, १,४००. जॉर्ज खेळाडू म्हणून सरस होता, म्हणून त्याला जास्त! त्या काळात एवढा मोकळा हिशेब मला फार मोठा वाटतो.

आणि १४ जून १८७०चा ब्रुकलिनचा सामना! जुना धावफलक समोर ठेवून तुम्ही तो डावागणिक उलगडलात. ठरलेल्या नऊ डावांनंतर ५-५. समोरचे अ‍ॅटलांटिक्स, म्हणजे ब्रुकलिनचा संघ, बरोबरीवर खूश होते; हॅरीने मात्र खेळ पुढे चालू ठेवायचा आग्रह धरला. अकराव्या डावात रेड स्टॉकिंग्जनी दोन धावा काढून ७-५ केलं. मग अ‍ॅटलांटिक्सचा फर्ग्युसन फलंदाजीला आला. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, जॉर्ज उभा, त्याच्याकडे चेंडू जाऊ नये म्हणून तो चक्क डावखुरा उभा राहिला, आणि त्याच्या फटक्यावर बरोबरी झाली. पुढे विजयी धावही त्याचीच. ८-७.

बरोबरी मान्य केली असती, तर संघ अपराजितच राहिला असता. हॅरीने ते केलं नाही, आणि माझा सगळा लेख आता या एका निर्णयाभोवती उभा आहे. तो दाखवलात तुम्ही.

त्याच वर्षाअखेर सिनसिनाटीने पगारी संघ मोडला. राइट बंधू बॉस्टनला गेले, नवा संघ उभारला. आजचा अटलांटा ब्रेव्ह्ज हा बेसबॉल संघ त्याच वंशातला, हा धागाही तुमच्याकडूनच मिळाला. लेखाची प्रत सोबत पाठवतोय. डाव मोजण्यात कुठे चुकलो असेन तर छपाईआधी नक्की कळवा. काकूंना नमस्कार.

आपला कृतज्ञ,
मंडळाच्या अंकाचा एक लेखक